रिकाम्या गाडीचं वजन

सावद्याला, रावेर रोडवर माझा वजनकाटा आहे.
बावीस वर्षं झाली.
केळीची गाडी वळणावर दिसली
की टायरांच्या फुगवट्यावरून सांगायचो मी,
साडेबारा टन. किंवा, चौदाला चाळीस किलो कमी.
ड्रायव्हर पैज लावायचे, चहा हरायचे.

म्हणून दहाव्याला, तापीवरून परत येताना,
सगळ्यांनी मलाच विचारलं,
"भो, तू तर रोज सोबत असायचा त्याच्या.
तुला काहीच कसं दिसलं नाही?"

लीलाधर भारंबे, पेंटर.
ट्रकांच्या मागे मोर काढायचा, कमळं, मालकांच्या पोरींची नावं.
माझ्या काट्यावरची पाटीही त्याचीच:
इंजिन बंद करा. खाली उतरा.
त्यातला रा जरा मोठा झालाय.
मी कुरकुरलो तर म्हणाला,
"राहू दे, लांबून वाचता येईल."

पावसाळाभर गप्प होता.
कारणं शोधणाऱ्यांनी नंतर रेडियमची दुकानं मोजली,
बायकोचं माहेर, त्याचा गुडघा;
बेरीज काही जुळली नाही.
दिवाळीनंतर तो खुलला.
हा शब्द माझाच. मीच घरी सांगितलं, लीलाधर खुलला बरं का.
भरीत पार्टीत कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या,
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी उलटवत सगळ्यांच्या नकला केल्या.
सुपडूच्या टपरीवरचे तीनशे चाळीस रुपये चुकवले.
दोन वर्षांपूर्वी नेलेली माझी छत्री आणून दिली.
आणि माझ्या मोहिनीला
खारीच्या केसांचे ब्रश, कापडात गुंडाळून.
मी म्हणालो, "अन् तू रे कशाने रंगवशील?"
तो हसला.
गाडी आली होती. मी वळलो.

तो मंगळवार.
गुरुवारी पहाटे तो स्वतःहून गेला.

छत्री खुंटीला आहे, पण आता ती नुसती छत्री नाही.
भाकरी, ब्रश, तीनशे चाळीस,
एकेक पुन्हा काट्यावर घेतो,
रोज वजन वेगळं येतं.
तो जगला असता
तर उधारी चुकवणारा भला माणूस, एवढंच.
मागे वळून बघणाऱ्याला
प्रत्येक दगड मैलाचा वाटतो.
वखारीतले म्हणतात, आम्हाला वाटलंच होतं.
खोटं नसेल बोलत;
आता वाटतंय त्यांना, की तेव्हा वाटलं होतं.

पण एक गोष्ट नंतर सुचलेली नाही.
तू कशाने रंगवशील,
हे मी खरंच विचारलं होतं.
उत्तराला थांबलो नाही.

या वैशाखात हेमराज तायडे, घड भरणारा पोरगा,
आपली सायकल सुपडूच्या पोराला देताना दिसला.
काट्यावर चौदा टनांची गाडी, मागे चार हॉर्न.
मी केबिनबाहेर आलो,
त्याला लिंबाखाली नेलं
आणि शब्द न चावता विचारलं,
"हेमराज, जीव द्यायचं मनात येतं का रे?"

पोरगा बघतच राहिला. मग असा हसला,
"काका, सुरतेला चाललो मी, मिलमध्ये.
सायकल काय डोक्यावर नेऊ?"
सुपडू हसला. ड्रायव्हर हसले.
आठ दिवस काट्यावर तीच मस्करी.

निघायच्या दिवशी तो पिशवी घेऊन आला.
पाटीकडे बघत, माझ्याकडे नाही, म्हणाला,
"मागच्या साली विचारायला पाह्यजे होतं, काका.
तव्हा येत होतं."

मागच्या साली तो रोज माझ्यासमोर घड उचलत होता.
शिट्ट्या मारत होता.
मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"अन् आता?"
"आता नाही. आलं तर फोन लावेन."
नंबर त्याने दोनदा वाचून दाखवला.
एस्टी थांबली होती. ती हॉर्न देत राहिली,
आम्ही अजून जरा उभे राहिलो.

टायर बघून सांगणं मी सोडलंय.
ड्रायव्हर चिडवतात, भो, नजर गेली का तुझी?
आधी रिकामी गाडी घेतो काट्यावर.
नियमच आहे तो,
रिकामीलाही वजन असतं.

पाटीवरची अक्षरं उडत चाललीत.
मोहिनीने तेवढा रा गिरवलाय, त्याच ब्रशने.
लांबून वाचता येतो.